किर्लोस्कर मंडळींची नाटके आणि आपला गळा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



यंदाच्या वर्धापनदिनाला 'सौभद्रा'तले दोन प्रवेश करायचे असे आपल्या कार्यकारिणीने ठरविले, आणि त्यावरून गेले तीन आठवडे आपल्याकडे जो वाद चालला आहे तो येथे बसलेल्या सर्वजणींना ठाऊक आहे. एक पक्ष म्हणतो, पदे आपण स्वतः म्हणावीत. दुसरा पक्ष म्हणतो, नामांकित गायक-गायिकांनी म्हटलेली पदे आता मोबाईलवर एका बोटासरशी मिळतात; ती लावावीत आणि आपण नुसते ओठ हलवावेत, म्हणजे चार लोकांत हसे होणार नाही. अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "वाद तुम्ही मिटवू नका, किर्लोस्कर मंडळींच्या नाटकांचा इतिहास तेवढा सांगा." तेव्हा मी इतिहास सांगते. माझा पक्ष कोणता हे लपवून ठेवण्याचे मात्र मी कबूल केलेले नाही.

किर्लोस्कर मंडळींच्या अगोदर मराठीत नाटके नव्हती असे नाही. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले आणि तेथून पुढे गावोगाव नाटकमंडळ्या फिरू लागल्या. पण त्या खेळांची रीत निराळी होती. सूत्रधार आपल्या साथीदारांसह रंगभूमीवर उभा असे आणि पदे तोच म्हणे. राम, सीता, रावण ही पात्रे समोर येत, सूत्रधाराच्या पदाबरहुकूम हावभाव करीत, आणि पद संपले की आयत्या वेळी सुचेल तसे भाषण करीत. म्हणजे शोक सीतेचा आणि गळा सूत्रधाराचा! लोकांना त्यात वावगे वाटत नव्हते. अशी जवळजवळ चाळीस वर्षे गेली.

पुढे अण्णासाहेब किर्लोस्कर आले. त्यांचे नाव बळवंत पांडुरंग. जन्म १८४३ चाच, गाव गुर्लहोसूर, म्हणजे कानडी मुलखातले. तरुणपणापासून नाटकमंडळ्यांना पदे रचून देण्याचा त्यांना नाद होता. पण पोट भरण्यासाठी नोकरी करावी लागे, आणि १८८० च्या सुमारास ते पुण्यास रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीत होते. त्या साली पुण्यात पारशी मंडळींचा 'इंद्रसभा' हा गाण्यांचा खेळ त्यांनी पाहिला आणि असाच गाण्याचा खेळ आपल्या मराठीत करावा हे त्यांच्या मनाने घेतले. कालिदासाचे 'शाकुंतल' त्यांनी हाती घेतले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिल्या चार अंकांचा प्रयोग लावला. कचेरीत दिवसभर कागद चाळणाऱ्या माणसाने रात्री जागून केलेले हे काम होते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. नाटक म्हणजे फार थोरामोठ्यांचा उद्योग, आपला नव्हे, असे म्हणणाऱ्या आपल्या काही भगिनी आहेत.

त्या रात्री नवे काय घडले? गाणी तर अगोदरही होती. नवे हे घडले की जे पात्र बोलते तेच पात्र गाऊ लागले. शकुंतलेचे दुःख शकुंतलेच्या तोंडून आणि कण्वांचा निरोप कण्वांच्या गळ्यातून. सूत्रधार नांदी आटोपून, नटीशी चार शब्द बोलून आत गेला, तो परत मध्ये आला नाही. आपण ज्याला संगीत नाटक म्हणतो त्याचा प्राण एवढाच आहे. आता मला सांगा, आपण मोबाईलवर पद लावून ओठ हलवले तर काय होईल? आपण बरोबर १८८० सालच्या अलीकडून पलीकडे जाऊ. सूत्रधाराच्या जागी मोबाईल, एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट चालींची. 'शाकुंतला'त दोनशेच्या आसपास पदे होती. दोनशे पदे ऐकून आपल्याला धडकी भरते, कारण पद म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे अर्धा घटका चाललेली आलापी आणि ताना येतात. पण ती तशी पदे नव्हती. त्यांत साक्या होत्या, दिंड्या होत्या, कामदा होत्या, अंजनीगीते होती. कीर्तनात बुवा जे म्हणतात, देवळात जे कानावर पडते, लावणीत जे असते, कानडी मुलखात जे गातात, आणि आपल्या आज्या-पणज्या घरात काम करता करता जे गुणगुणत, ते सारे अण्णासाहेबांनी उचलले. दिंडीची ओळ घ्या. एकोणीस मात्रा, नऊवर थोडे थांबायचे, मग दहा. श्वास पुरतो, शब्द स्पष्ट येतात आणि शाळेतल्या मुलीलाही दोनदा ऐकून म्हणता येते. साकीची ओळ सोळा आणि बारा, अशी अठ्ठावीस मात्रांची. दोन पात्रे आपसात दिंडीने बोलतात, साकीने उत्तर देतात आणि गोष्ट पुढे सरकते. गाणे हे तेथे भाषणाचेच काम करी. एकदा म्हटले, अर्थ पोचला, पुढे चला.

म्हणून ज्या भगिनी म्हणतात की ही नाटके मोठ्या गवयांची, आपल्यासारख्यांनी त्यांना हात लावू नये, त्यांना मी नम्रपणे सांगते की निदान अण्णासाहेबांच्या बाबतीत हे खरे नाही. त्यांनी आपल्याच घरातला माल नेला आहे.

१८८२ च्या नोव्हेंबरात 'सौभद्र' आले. पहिल्यांदा तीनच अंक झाले, उरलेले मागाहून. 'शाकुंतल' कालिदासाचे, पण 'सौभद्र' सर्वस्वी अण्णासाहेबांचे. महाभारतातून नुसता धागा घेतला आहे. मला विचाराल तर मराठीत याच्याइतके घरगुती नाटक दुसरे नाही. पाहा ना, प्रश्न काय आहे? धाकट्या बहिणीचे लग्न. थोरल्या भावाने, बलरामाने, दुर्योधनाला शब्द देऊन टाकलेला. मुलीच्या मनात अर्जुन. धाकट्या भावाला, कृष्णाला, हे सगळे ठाऊक आहे, पण वडील भावाच्या तोंडावर 'नाही' म्हणायची सोय नाही. मग तो काय करतो? भांडत नाही. अर्जुनाला संन्याशाच्या वेषात दादाच्याच घरी आणून उतरवितो, आणि त्या संन्याशाची सेवा करायला बहिणीला नेमण्याची पाळी दादावरच आणतो! आपल्यापैकी कितीजणींच्या माहेरी असा एखादा धाकटा भाऊ किंवा काका होता, ज्याने आरडाओरडा न करता गोष्ट जुळवून आणली? हातात सुदर्शनचक्र असलेला देव येथे लग्नघरातल्या मुत्सद्द्यासारखा वागतो. म्हणूनच एकशे चाळीस वर्षे उलटून गेली तरी लोक हसतात.

सुभद्रेचे काम प्रथम भाऊराव कोल्हटकरांनी केले. बडोद्याहून अण्णासाहेबांनी हा मुलगा आणला. आवाज असा की लोक लाडाने त्याला 'भावड्या' म्हणू लागले आणि त्याच्या नावावर नाटकगृहे भरू लागली. नारदाच्या कामात बाळकोबा नाटेकर, अर्जुनाच्या कामात मोरोबा वाघोलीकर. सुभद्रा पुरुष, रुक्मिणीही पुरुषच. घरंदाज बाईने रंगभूमीवर जाणे ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नव्हती.

येथे माझ्या आजीची हकीकत सांगते. तिने 'सौभद्र' आयुष्यात कधी पाहिले नाही. तिच्या भावाने पाहिले. तो पदे पाठ करून घरी आला, आणि तो अंघोळीला बसला की ती माजघरातून ऐके. पुढे सासरी आल्यावर पुरण वाटताना, कधी मुलांना निजवताना सुभद्रेची पदे ती म्हणे. मी तिला एकदा विचारले, "आजी, हे कुठल्या नाटकातले?" ती म्हणाली, "नाटकातले असेल बाई, मला आपले दादाचे म्हणून माहीत." आता हा प्रवास पाहा. चाल निघाली घरातून, बायकांच्या तोंडची. ती गेली नाटकगृहात, तेथे लुगडे नेसलेल्या पुरुषाने ती म्हटली. ती ऐकून दुसऱ्या पुरुषाने घरी आणली, आणि मग पुन्हा ती बाईच्या तोंडी आली, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच. बाहेरच्या खोलीत पाहुणे असले की आजी गप्प बसे.

१८८४ मध्ये अण्णासाहेबांनी 'रामराज्यवियोग' लिहावयास घेतले. भाऊरावांची मंथरा त्यात गाजली. सुंदर आवाजाच्या नटाला कुबडी दासी करायला लावणे हे धाडसच. ते नाटक तीन अंकांवर राहिले, कारण २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब वारले. वय अवघे बेचाळीस. पहिल्या 'शाकुंतला'पासून मोजले तर पाच वर्षे आणि दोन दिवस. एवढ्या अवधीत एका माणसाने काय करून ठेवले!

मंडळी मात्र मोडली नाही. अण्णासाहेबांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी तिला नाटके दिली. 'मृच्छकटिक' दिले, 'शापसंभ्रम' दिले, आणि १८९९ च्या जानेवारीत इंदूरला 'शारदा' रंगभूमीवर आली. या नाटकापाशी मी थोडी थांबणार आहे, कारण राजे-ऋषी-गंधर्व सोडून नाटक प्रथमच आपल्यासारख्यांच्या घरात शिरले ते येथे.

म्हातारा भुजंगनाथ पैशाच्या जोरावर नवी बायको करू पाहतो. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थ. कांचनभट हा बाप पैशाला भुललेला. आई इंदिराकाकू तळमळते, पण तिचे चालत नाही. आणि मध्ये ही पोर, शारदा. त्या काळी असे प्रसंग गावोगाव घडत होते आणि प्रेक्षकांत भुजंगनाथही बसलेले असत. देवलांनी उपदेशाची भाषणे मुलीच्या तोंडी घातली नाहीत. शारदा आपल्या मैत्रिणींशी बोलते, आईशी बोलते, साध्या शब्दांत आणि साध्या चालीत. ती पदे ऐकून पुरुषांची मने हलली असे म्हणतात. मला वाटते बायकांना त्यांत नवीन काहीच नव्हते. जे आपण एकमेकींत कुजबुजत होतो ते दिव्यांच्या उजेडात मोठ्याने म्हटले गेले, एवढेच. पण तेवढेच मोठे होते.

एक गोष्ट मला या नाटकात नेहमी खटकते. लग्न मोडते ते कशाने? म्हाताऱ्याने पोरीशी लग्न करणे हा अन्याय आहे म्हणून नव्हे, तर वधू आणि वर सगोत्र निघतात म्हणून! गोत्र वेगळे असते तर? देवलांनी रूढीलाच रूढीच्या आड घातले; युक्ती चतुर आहे, पण शारदेची सुटका तिच्या हक्काने होत नाही, नशिबाने होते. अर्थात १८९९ साली याहून पुढे जाते तर कदाचित प्रयोगच बंद पडता. आणखी एक गंमत. पुढे १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, मुलीचे वय किमान चौदा आणि मुलाचे अठरा असे ठरले, त्याला लोक 'शारदा कायदा' म्हणू लागले. तो कायदा हरबिलास सारडा यांनी मांडला म्हणून त्यांच्या नावाने ओळखला गेला. देवलांच्या शारदेशी त्याचा नावापुरताही संबंध नाही. पण आपल्याकडच्या पुष्कळ बायकांची खात्री होती की नाटकातल्या त्या पोरीमुळेच सरकारला जाग आली. ही समजूत चुकीची असली तरी मला फार आवडते.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची नाटकेही याच मंडळींनी केली. 'वीरतनय' १८९६ चे. त्यांनी दिंडी-साकी बाजूला सारून पारशी आणि गुजराती रंगभूमीवरच्या नव्या, उडत्या चाली आणल्या. लोकांना त्या काळी आवडल्या. आज त्यांतले फारसे कोणाच्या तोंडी नाही. १९०१ मध्ये भाऊराव वारले आणि मंडळींचा आवाजच गेला असे झाले.

१९०५ मध्ये नारायणराव राजहंस किर्लोस्कर मंडळींत आले. बालगंधर्व म्हटले की आणखी काही सांगावे लागत नाही. शकुंतलेच्या कामाने त्यांनी सुरुवात केली आणि १२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांचे 'मानापमान' झाले त्यात ते भामिनी झाले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरीही त्यांनी प्रयोग होऊ दिला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. ती सांगताना त्यांच्या निष्ठेचे कौतुक करण्याची रीत आहे आणि ते कौतुक योग्यच आहे. मला मात्र दर वेळी त्या मुलीच्या आईची आठवण होते. ती घरीच होती.

'मानापमाना'पासून गाणे बदलले. ठुमरी, दादरे, गायकी ढंगाच्या चाली आल्या. पदांची संख्या कमी झाली आणि एकेका पदाची लांबी वाढली. 'वन्स मोअर' वर 'वन्स मोअर' पडू लागले आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालू लागले. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. १९१६ च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाने चाली दिल्या. पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवाँ, सारंगीवर कादरबक्ष, ऑर्गन, उंची शालू, खरे अत्तर! ही श्रीमंती डोळे दिपवणारी होती आणि तिने मंडळींना कर्जातही लोटले. संगीताच्या दृष्टीने ही फार मोठी कमाई झाली हे कोण नाकारील? पण नाटकाच्या दृष्टीने मी अण्णासाहेबांच्या बाजूची आहे. रुक्मिणी एकच ओळ वीस तऱ्हांनी आळवीत बसली की मी गाणे ऐकू लागते आणि रुक्मिणीला विसरते. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याशी अवश्य भांडावे.

आणि या सगळ्यात बायका कोठे होत्या? होत्या, प्रेक्षकांत होत्या. बालगंधर्वांनी नेसलेल्या लुगड्यासारखे लुगडे, त्यांच्यासारखी केसांची रचना, त्यांच्यासारखा दागिना हवा म्हणून घरोघर हट्ट होत. बाईने कसे नेसावे, कसे चालावे, कसे लाजावे हे आम्ही एका पुरुषाकडून शिकलो! हसू येते, पण त्यांच्या कलेची थोरवीही त्यातच आहे. पडद्याआडही बायका होत्या. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये बडोद्यास झाले. दारुड्या नवऱ्यापायी झिजून मेलेली सिंधू बालगंधर्वांनी उभी केली आणि सारा महाराष्ट्र रडला. त्या पदांच्या चालींत पुण्याच्या गायिका सुंदराबाई जाधव यांचा वाटा होता. चाल बाईची, दुःख बाईचे, आणि रंगभूमीवर बाईला मज्जाव.

मज्जाव अगदी पुरा होता असेही नव्हे. काही मंडळ्या नुसत्या बायकांच्या होत्या. त्या पुरुषांचीही कामे करीत. गोमंतकातल्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या गाणे जपले होते. पण त्यांच्या गाण्याला जाणारे लोक त्यांना आपल्या घरच्या हळदीकुंकवाला बोलावीत नसत, हे आपल्यासारख्या मंडळाने विसरू नये.

१९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी आपल्या भावंडांसह नाटकमंडळी काढली. नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा असे तिचे नाव. त्यांनी 'सौभद्र' लावले आणि सुभद्रेचे काम सुभद्रेनेच, म्हणजे बाईने केले. बंधू सुरेशबाबू माने आणि भगिनीही त्यात होत्या. १८८२ ते १९२९. सत्तेचाळीस वर्षे! जी चाल माजघरातून गेली होती ती बाईच्याच गळ्यातून, उघड्या रंगभूमीवर, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे परत आली. ती मंडळी काही वर्षांतच बंद पडली, पण हिराबाईंनी जे करून दाखविले ते बंद पडले नाही. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतरा'च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात गोव्याकडच्या ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी कामे केली. १९३८ च्या सुमारास खुद्द गंधर्व मंडळींत गोहरबाई कर्नाटकी स्त्रीभूमिका करू लागल्या. त्यावरून केवढे वादळ उठले! ज्या लोकांना पन्नाशीचा पुरुष सुभद्रा म्हणून चालत होता त्यांना बाई चालेना. १९४२ मध्ये रांगणेकरांच्या 'कुलवधू'त ज्योत्स्नाबाई नायिका झाल्या. पदे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, पण ती घराघरांत पोचली.

अखेरीस जयराम आणि जयमाला शिलेदार यांची 'मराठी रंगभूमी' ही संस्था. १९४९ मध्ये पुण्यात निघाली. बोलपट आले, किर्लोस्कर मंडळी अस्तास गेली, गंधर्व मंडळी गेली, आणि संगीत नाटक आता संपले असे शहाणे लोक म्हणू लागले, त्या काळात या जोडप्याने जुनी नाटके गावोगाव नेली. मुली कीर्ती आणि लता त्याच कामात वाढल्या. जयमालाबाई २०१३ मध्ये गेल्या. कीर्तीताई २०१८ मध्ये मुलुंडच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२२ च्या जानेवारीत त्याही गेल्या. ज्या रंगभूमीवर बाईला पाऊल टाकू देत नव्हते ती पुढे आई आणि लेकी यांनी आपल्या खांद्यावर घेतली.

इतिहास येथे संपला. आता आपल्या प्रवेशांविषयी.

आपण दोन प्रवेश निवडले आहेत. एक आरंभीचा, नारद आणि अर्जुन यांचा. सुभद्रा दुर्योधनाला दिली ही बातमी नारदमुनी अर्जुनाला देतात तो. दुसरा कृष्ण आणि रुक्मिणी यांचा. दोन्हींत मिळून जी पदे आहेत त्यांतली बहुतेक आपल्या भजनी वर्गातल्या कोणालाही झेपतील. कृष्णाचे पहाटेच्या वर्णनाचे पद तेवढे थोडे कठीण आहे. ते कोणी म्हणावे याविषयी मतभेद आहेत असे मी ऐकते. ज्यांचा सूर सर्वांत पक्का त्यांनी म्हणावे, मग त्या वयाने किंवा अंगाने कृष्णासारख्या दिसत नसल्या तरी चालेल. बालगंधर्व साठीपर्यंत नायिकांची कामे करीत होते.

हसे होईल ही भीती मी समजू शकते. गेल्या वर्षी एका भगिनीचा सूर हलला आणि मागच्या रांगेत कोणी खिदळले. ती तेव्हापासून गाण्याच्या वर्गाला येत नाही. तिला परत आणणे हे आपल्या सर्वांचे काम आहे, आणि मोबाईल लावल्याने ती परत येणार नाही. उलट तिची खात्रीच पटेल की आपला आवाज लपवून ठेवण्यासारखा आहे. माझी आजी पाहुणे आले की गप्प बसे. तिला कोणी हसत नव्हते, पण तिला कोणी ऐकतही नव्हते.

ज्यांना ध्वनिमुद्रण ऐकायचे असेल त्यांनी घरी अवश्य ऐकावे. शिकण्यासाठी त्यासारखे दुसरे साधन नाही. आपल्या आज्यांना ते मिळाले नाही. पण एकच गायक धरून बसू नये, तीन-चारजणांचे ऐकावे, म्हणजे चालीचा सांगाडा कोणता आणि ज्याची त्याची कलाकुसर कोणती हे आपोआप कळते. सांगाडा आपला, कलाकुसर त्यांची. पेटीची पट्टी काळी चार धरली आहे. ज्यांना ती उंच वाटते त्यांनी आधी सांगावे, प्रयोगाच्या दिवशी नव्हे. तबल्याला शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ येतो म्हणाले आहेत, त्यांचे आभार.

नांदी 'शाकुंतला'तलीच घेणार आहोत. संगीत नाटकाच्या आरंभी ती म्हणण्याचा प्रघात आजही आहे, मग नाटक कोणतेही असो. नांदीला पात्रांखेरीज इतरांनीही उभे राहायचे असते. तेव्हा ज्यांना काम मिळालेले नाही त्यांनी, आणि गेल्या वर्षीच्या त्या भगिनीनेही, नांदीला पुढे यावे. तिच्या घरी निरोप सांगायला मी आणि अध्यक्षबाई उद्या संध्याकाळी जाणार आहोत. तालीम बुधवारपासून, दुपारी चार वाजता, येथेच.